गर्भपिशवीला दोन शिंगे असताना : नाशिकमधील एका जोखमीच्या गरोदरपण विभागाचे परीक्षण

मी सिन्नरला राहते. माझ्या गर्भपिशवीला जन्मतः दोन शिंगे आहेत आणि गेल्या वर्षीचे माझे संपूर्ण गरोदरपण नाशिकमधील एका खाजगी रुग्णालयाच्या, जोखमीच्या गरोदरपणासाठी असलेल्या स्वतंत्र विभागात पार पडले. निदान, दर पंधरा दिवसांची सोनोग्राफी, पिशवीच्या तोंडाला घातलेला टाका, एका अवघड रात्रीचा फोन, सिझेरियन, बाळाचा अतिदक्षता कक्ष आणि शेवटचे बिल असा या विभागाचा जवळजवळ सगळा भाग मी पाहिला आहे, त्यामुळे परीक्षण लिहिण्याइतका अनुभव गाठीशी आहे. पुढे काही तक्रारी येणार असल्याने रुग्णालयाचे नाव देत नाही. ज्यांच्या अहवालावर ‘बायकॉर्न्युएट’ (दोन शिंगांची), ‘सेप्टेट’ (पडद्याची) किंवा ‘युनिकॉर्न्युएट’ (एका शिंगाची) असा शब्द पहिल्यांदाच उमटला आहे, त्यांना आपल्या गावच्या रुग्णालयात काय विचारावे हे यातून कळले तरी लिहिण्याचे काम झाले.

या विभागात मी गेले ते आधीच्या ठिकाणचा एक कागद घेऊन. पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा सगळे सुरळीत असल्याचेच सांगितले जात होते. एकोणिसाव्या आठवड्यात फारशा कळा न येताच पिशवीचे तोंड उघडले आणि गर्भ गेला. त्यानंतर दुसऱ्या एका ठिकाणी एचएसजी, म्हणजे औषध सोडून काढतात तो नळ्यांचा एक्स-रे, काढला गेला. त्यात पिशवीची पोकळी दुभागलेली दिसली, अहवालात ‘पिशवीत पडदा’ असे लिहिले गेले आणि दुर्बिणीतून तो पडदा कापण्याची तारीखही देण्यात आली. ‘वहिनी, एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून घ्या’ असा हट्ट नणंदेने धरला नसता, तर त्या तारखेला मी ऑपरेशनच्या टेबलावर असते.

पुढचे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र सांगावे लागेल. स्त्रीभ्रूणात सुरुवातीच्या आठवड्यांत दोन नळ्या शेजारी शेजारी वाढतात; जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी १८३० मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या म्यूलरच्या नळ्या. त्या एकमेकींना जुळतात, मग मधली भिंत विरघळते आणि एक पिशवी तयार होते. जुळणी अर्धवट राहिली तर दोन शिंगांची पिशवी उरते, मुळीच झाली नाही तर दोन पिशव्या राहतात, एकच नळी नीट वाढली तर एका शिंगाची पिशवी होते, आणि जुळणी पुरी होऊन भिंत तेवढी विरघळायची राहिली तर पडद्याची पिशवी. हे प्रकार आपण समजतो तितके दुर्मीळ नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात सर्वसाधारण स्त्रियांमध्ये त्यांचे प्रमाण सुमारे ५.५ टक्के, तर गर्भपाताचा इतिहास असलेल्यांमध्ये सुमारे १३.३ टक्के आढळले होते. आमच्या नात्यागोत्यात मात्र या विषयावर एकच माहिती पोहोचली होती, ती २०१९ ची बातमी : बांगलादेशात दोन पिशव्या असलेल्या एका बाईला मुलगा झाला आणि २६ दिवसांनी जुळे झाले. ती बातमी मला किमान चार जणींनी पाठवली, आणि प्रत्येकीला ‘माझे तसे नाही’ असे समजावून सांगण्यात माझे बरेच दिवस गेले.

या विभागातील मॅडमनी पहिल्याच भेटीत तो एक्स-रे उजेडात धरून पाहिला आणि यावरून निर्णय करता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. एचएसजीत औषध पोकळीत भरते, त्यामुळे आतला आकार दिसतो. बाहेरचा माथा त्यात दिसतच नाही, आणि पडद्याची पिशवी व दोन शिंगांची पिशवी यांतला भेद नेमका त्या माथ्यावर असतो. पडद्याच्या पिशवीचा माथा बाहेरून गोलसर किंवा जवळपास सपाट असतो, तर दोन शिंगांच्या पिशवीचा माथा पत्त्यांतल्या बदामासारखा मधोमध खचलेला असतो. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात पिशवीचे अस्तर जाड होते आणि पोकळीची कड स्पष्ट उमटते, म्हणून थ्री-डी सोनोग्राफी त्याच काळात करायची असे ठरले आणि मला अठरा दिवस थांबवण्यात आले. ज्या बाईचा गर्भ नुकताच गेला आहे तिला अठरा दिवस थांबणे किती जड जाते हे वेगळे सांगायला नको, पण कारण कळल्यामुळे मी थांबले. त्या तपासणीत माथ्यावरची खाच १७ मिलिमीटर खोल भरली. अमेरिकन निकषांप्रमाणे १ सेंटिमीटरपेक्षा खोल खाच म्हणजे दोन शिंगांची पिशवी. कापण्यासारखा पडदा तेथे नव्हताच. पडदा समजून दुर्बिणीतली कात्री वर चालवली असती तर ती पिशवीच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत पोहोचून भोक पडण्याचा धोका होता.

अहवालात खाचेच्या मापाखाली, कोणत्या निकषाने हे नाव दिले तेही लिहिलेले होते. युरोपातील संस्थांचे २०१३ चे वर्गीकरण आणि अमेरिकन संस्थेचे २०१६ चे निकष एकसारखे नाहीत. युरोपीय पद्धतीत खाच किंवा आतला उंचवटा पिशवीच्या भिंतीच्या जाडीशी ताडून पाहतात, अमेरिकन पद्धतीत सेंटिमीटर आणि कोन मोजतात, त्यामुळे एकाच बाईला एके ठिकाणी ‘पडदा’ आणि दुसरीकडे ‘जवळजवळ सामान्य’ असे दोन अहवाल मिळू शकतात. माप आणि निकष दोन्ही लिहून देणारा अहवाल मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि या विभागाला मी जे गुण देईन त्यांतले निम्मे त्या एका पानाचे आहेत.

यानंतर ‘मग करायचे काय’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर ‘शस्त्रक्रिया काही नाही’ असे होते. पूर्वी पोट उघडून दोन्ही शिंगे एकत्र शिवण्याची स्ट्रासमन यांची शस्त्रक्रिया केली जात असे. ती आता क्वचितच केली जाते. मी थोडी हिरमुसले, कारण काहीतरी दुरुस्त होईल या आशेने मी आले होते. तेव्हा मॅडमनी पडद्याच्या पिशवीचेच उदाहरण दिले. तो कापल्याने मूल होण्याची शक्यता वाढते असे वर्षानुवर्षे धरले जात होते, पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडून केलेल्या चाचणीत पडदा कापलेल्या ३९ पैकी १२ जणींना आणि न कापलेल्या ४० पैकी १४ जणींना जिवंत मूल झाले. चाचणी लहान होती, त्यामुळे वाद मिटलेला नाही हेही त्यांनी सांगितले. खाजगी रुग्णालयात शस्त्रक्रिया नाकारून रुग्णाला घरी पाठवले जाते, हे पाहण्याची माझी ही पहिलीच वेळ.

चार महिन्यांनी दिवस राहिले. गर्भ उजव्या शिंगात रुजला होता. आठव्या आठवड्यात थोडा रक्तस्राव झाला तेव्हा घरात रडारड सुरू झाली. रिकाम्या डाव्या शिंगातले अस्तरही गरोदरपणात जाड होते आणि त्यातून असा स्राव होऊ शकतो, हे सोनोग्राफीच्या पडद्यावर बाळाचे ठोके दाखवूनच मला सांगण्यात आले. त्याच वेळी माझी दोन्ही मूत्रपिंडे तपासली गेली. गर्भपिशवी आणि मूत्रसंस्था भ्रूणात एकमेकांना लागून घडतात, म्हणून अशा बायकांत, विशेषतः एका शिंगाची पिशवी असलेल्यांत, एक मूत्रपिंड नसणे बऱ्याचदा आढळते. माझी दोन्ही जागेवर होती. आधीच्या दोन ठिकाणी हा प्रश्न कोणाच्या मनात आला नव्हता.

सोळाव्या आठवड्यापासून चोविसाव्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी पिशवीच्या तोंडाची लांबी मोजली गेली, आणि या विभागाचे खरे कसब मला येथे दिसले. ही तपासणी योनीमार्गातून आणि लघवी करून आल्यावर करायची असते. भरलेल्या मूत्राशयाने तोंड दाबले जाऊन लांबी उगाच जास्त दिसते. इतर ठिकाणी ‘पाणी पिऊन या’ असे सांगण्याची इतकी सवय असते की येथेही स्वागतकक्षातील मुलीने पहिल्यांदा मला दीड लिटर पाणी प्यायला लावले आणि आत गेल्यावर सिस्टरांनी परत पाठवले. सोळाव्या आठवड्यात लांबी ३४ मिलिमीटर होती, अठराव्यात २९ आणि विसाव्यात २२. चोविसाव्या आठवड्याआधी २५ मिलिमीटरपेक्षा कमी लांबी आणि मागचा अनुभव, या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे, तोंड मुदतीआधी उघडू नये म्हणून टाका घालण्याचा निर्णय झाला. तो एका दिवसात झाला, पण त्या दिवसाआधी दोन आकडे समोर असल्यामुळे मला तो आकाशातून कोसळल्यासारखा वाटला नाही.

टाक्याबद्दल एक गोष्ट येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. जगभर ज्या टाक्याला ‘शिरोडकर’ म्हणतात तो आपल्याच माणसाचा. मूळचे गोव्याचे आणि मुंबईत जे. जे. रुग्णालय व ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात काम केलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी १९५५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. सुरुवातीला ते दोऱ्याऐवजी मांडीच्या स्नायूवरील आवरणाची पट्टी वापरत असत. दोन वर्षांनी ऑस्ट्रेलियातील मॅकडोनाल्ड यांनी त्याहून सोपी, बटव्याची दोरी ओढून तोंड आवळावे तशी पद्धत मांडली. मला घातला तो मॅकडोनाल्ड पद्धतीचा, कमरेत भूल देऊन, पंधरा-वीस मिनिटांत. त्यानंतर रोज रात्री योनीमार्गे ठेवायची प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची २०० मिलिग्रॅमची गोळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी घरी होते.

घरी आल्यावर सासूबाईंनी खाटेच्या पायथ्याखाली दोन दोन विटा लावून ठेवल्या होत्या. त्यांच्या काळात पाय उंच करून महिनोन्महिने झोपवून ठेवणे हाच उपाय होता आणि त्यामागे माया होती, म्हणून मी वाद घातला नाही. पुढच्या भेटीला त्यांनाच सोबत नेले. सतत पडून राहिल्याने मुदतीआधीची प्रसूती टळते असे सिद्ध झालेले नाही, उलट पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, हे मॅडमनी त्यांना ‘आई’ म्हणत, न रागावता समजावले. विटा निघाल्या. जड उचलू नये, लांबचा प्रवास टाळावा आणि दम लागेल असे काम करू नये, एवढीच बंधने राहिली. याउलट, याच विभागाच्या पॅकेजमध्ये असलेला आहारतज्ज्ञांचा सल्ला म्हणजे सर्वांना दिला जाणारा एक छापील तक्ता होता, ज्यात ॲव्होकॅडो आणि ब्रोकोली होती आणि बाजरी, नाचणी यांचा पत्ता नव्हता. गर्भसंस्काराचा वर्ग मी एकदा केला. तो तिसऱ्या मजल्यावर होता आणि लिफ्ट बंद होती.

प्रतीक्षेबद्दल थोडे. वेळ घेऊन गेले तरी दोन ते अडीच तास सहज जात. सोनोग्राफीआधी भरायचा ‘एफ’ अर्ज गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यानेच आवश्यक आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दर पंधरा दिवसांनी तीच माहिती पुन्हा तोंडी विचारून, तीही रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, लिहिली जाई. ‘आधी किती गर्भपात?’ हा प्रश्न काउंटरवरून मोठ्याने विचारला जाऊ नये एवढी साधी गोष्ट मी दोनदा लेखी कळवली. दुसऱ्यांदा कळवल्यानंतर सुधारणा झाली, पण मध्ये चार भेटी गेल्या.

तुलनेसाठी सांगते, गावच्या आशाताईंनी माझे नाव सरकारी यंत्रणेतही नोंदवले होते. दर महिन्याच्या ९ तारखेला होणाऱ्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीत माझ्या कार्डावर जोखमीचे लाल स्टिकर लागले, आणि त्यानंतर आशाताई दर आठवड्याला चौकशीला येत राहिल्या. लांबी मोजण्याची सोय तेथे मला मिळाली नाही, परंतु ‘पोट दुखते का, पाणी जाते का’ हे घरी येऊन विचारणारे माणूस खाजगी विभागाच्या पस्तीस हजारांच्या पॅकेजमध्ये नव्हते.

एकतिसाव्या आठवड्यात पोट वारंवार कडक होऊ लागले आणि तीन दिवस दाखल व्हावे लागले. बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने बारा बारा तासांनी दिली गेली. दाखल असतानाच बालरोगतज्ज्ञ येऊन, आता जन्म झाला तर काय होईल आणि चौतीस आठवड्यांनी झाला तर काय, हे दोन्ही सांगून गेले. भीती वाटली, पण त्या रात्री मला झोप लागली. बाळ पायाळू होते. एका शिंगात फिरायला जागा अपुरी पडते, त्यामुळे हे अपेक्षित होते, आणि पोटावरून बाळ फिरवण्याचा प्रयोग अशा पिशवीत करायचा नाही हेही ठरलेले होते. घरी जाताना मॅडमनी स्वतःच्या हाताने एक कागद लिहून दिला : पाणी गेले तर चालू नका, गाडीत आडव्या पडून या, कारण बाळ पायाळू असल्याने नाळ खाली सरकू शकते, टाका तातडीने काढावा लागेल, हे पोहोचताक्षणी सांगा.

तो कागद पस्तिसाव्या आठवड्यात, रात्री पावणेदोन वाजता उपयोगी पडला. पाणी गेले होते. पॅकेजच्या रंगीत पत्रकावर ‘चोवीस तास तातडीची सेवा’ या शब्दांखाली जो क्रमांक होता तो यजमानांनी पाच वेळा लावला, पाचही वेळा तो वाजत राहिला, आणि सहाव्यांदा सुरक्षारक्षकाने उचलून ‘ओपीडी सकाळी नऊला आहे’ असे सांगितले. दिरांच्या गाडीत मागच्या आसनावर डाव्या कुशीवर पडून मी तीस किलोमीटर आले. दारात पुन्हा फाइल क्रमांक विचारला गेला. यजमानांनी क्रमांकाऐवजी तो कागद पुढे केला, रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी तो वाचला आणि त्यापुढची चाळीस मिनिटे मात्र एकही क्षण वाया गेला नाही. टाका निघाला, सिझेरियन झाले, मुलगी २ किलो ५० ग्रॅमची होती. इतक्या नेटक्या विभागाचा दूरध्वनी रात्री कोणाकडे असतो, याचे उत्तर मला नंतर लेखी तक्रार करूनही मिळाले नाही. ज्या विभागाचे सगळे रुग्ण मुदतीआधी येण्याचीच भीती बाळगून असतात, तेथे ही चूक किरकोळ म्हणता येणार नाही.

नवजात बालकांच्या कक्षाबद्दल तक्रार शोधूनही सापडत नाही. एक दिवस श्वासाला आधार, मग काचेच्या पेटीत ऊब, आणि तिसऱ्या दिवसापासून माझ्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवणे. तेथील मोठ्या सिस्टर रात्रीही येऊन दूध कसे काढायचे ते दाखवत, आणि ‘ताई, दहा मिली आले तरी दहा मिली बाळाचे’ असे म्हणत ती वाटी चांदीची असल्यासारखी उचलून नेत. पाच दिवसांनी मुलगी माझ्या खोलीत आली.

बिलात मात्र सावध राहावे. पस्तीस हजारांच्या पॅकेजमध्ये भेटी, रक्त तपासण्या आणि सोनोग्राफी असे सांगितले गेले होते. लांबी मोजण्याच्या पाच सोनोग्राफींपैकी तीनच त्यात बसल्या, कारण पॅकेज ‘सामान्य वेळापत्रका’वर आखलेले निघाले. जोखमीच्या विभागात सामान्य वेळापत्रकाचे पॅकेज विकणे हा विनोद मला त्या दिवशी कळला नाही. टाक्याचे २६ हजार आणि भूलतज्ज्ञांचे शुल्क वेगळे होते, बाळाच्या कक्षाचा दर दिवसाला साडेसात हजार. नोंदणी करतानाच ‘माझ्या आकाराच्या पिशवीला साधारण किती सोनोग्राफी लागतील आणि त्यांतल्या किती यात धरल्या आहेत’ हे लिहून घ्यावे.

घरी सोडताना मिळालेल्या सारांशात सिझेरियनच्या वेळी पोटातून प्रत्यक्ष पाहिलेल्या पिशवीचे हाताने काढलेले चित्र आहे : दोन शिंगे, मधली खाच, उजव्या शिंगाच्या खाली छेदाची जागा. खाली पुढच्या वेळेसाठी तीन सूचना आहेत, किमान दीड वर्षाचे अंतर, चौदाव्या आठवड्याआधी नोंदणी आणि टाक्याचा विचार लवकर. पुन्हा दिवस राहिले तर मी याच विभागात नाव नोंदवीन. मात्र तिसाव्या आठवड्यापासून इंदिरानगरला मावशीकडे राहायला जाईन, कारण तेथून रुग्णालय रिक्षाने दहा मिनिटांवर आहे आणि तो फोन लावण्याची वेळ येणार नाही.